कार्यक्रम संपल्यानंतरची जपानी : ‘उचिआगे’, ‘आफुताऽ’, ‘निजिकाई’ हे शब्द कुठे आणि कसे वापरावेत

वर्गात जपानी शिकलेल्या माणसाला कार्यक्रम चालू असतानाची भाषा बहुधा येते. स्वागताची, परिचयाची, आभाराची वाक्ये त्याला पाठ असतात. खरी अडचण आभारप्रदर्शनानंतर सुरू होते. खुर्च्या उचलल्या जात असतात, चार-सहा जण दाराशी घुटमळत असतात आणि कोणीतरी सहज विचारावे तसे विचारते, ‘कोनो आतो दोऽ सुरु?’ शब्दशः अर्थ ‘यानंतर काय करायचे?’ एवढाच होतो, परंतु हा प्रश्न तुमचा पुढचा बेत जाणून घेण्यासाठी विचारलेला नसतो. पुढच्या बैठकीचे ते आमंत्रण असते, आणि ‘घरी जाणार आहे’ असे सरळ उत्तर दिले की विषय तिथेच मिटतो.

पुण्या-मुंबईत जेएलपीटीच्या, म्हणजे जपानी भाषेच्या क्षमता चाचणीच्या, परीक्षा देऊन नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी जपानला जाणाऱ्या मराठी माणसांना हा प्रसंग पहिल्या महिन्यातच येतो. त्यांना हाताशी असावे म्हणून हे मार्गदर्शन लिहीत आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्यावी. कार्यक्रमानंतर जमण्याला जपानीत सरसकट वापरता येईल असा एकच शब्द नाही. शब्द बदलला की कोणी यायचे, पैसे कोणी द्यायचे, किती वेळ बसायचे आणि कधी उठायचे, हे सगळे बदलते. त्यामुळे समोरच्याने कोणता शब्द वापरला आहे, तिकडे आधी कान द्यावा आणि आपला शब्द नंतर काढावा.

पहिली पायरी : कार्यक्रम कोणत्या प्रकारचा होता ते पाहा

सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘उचिआगे’. नाटकाचा शेवटचा प्रयोग, चित्रपटाचे चित्रीकरण, महाविद्यालयाचा महोत्सव, कार्यालयातला मोठा प्रकल्प, असे अनेकांनी मिळून केलेले काम पार पडले की काम करणाऱ्यांची जी मेजवानी होते ती उचिआगे. आतषबाजीचे बाण किंवा अग्निबाण आकाशात सोडण्यालाही हाच शब्द आहे, त्यामुळे नव्या विद्यार्थ्याचा गोंधळ होतो. समारोपाच्या अर्थाचा संबंध नाटकासारख्या खेळांच्या जगाशी जोडला जातो. आपण नाटकाचा प्रयोग ‘लावतो’, तसे जपानीत खेळ लावण्यासाठी ‘उत्सु’, म्हणजे ठोकणे किंवा वाजवणे, हे क्रियापद चालते, आणि ‘आगेरु’ जोडले की ते काम तडीस गेल्याचा भाव येतो. या शब्दाचा गाभा ध्यानात ठेवावा : उचिआगे ही घाम गाळणाऱ्यांची बैठक आहे. एखाद्या मैफिलीचे चाहते बाहेर पडल्यावर आपापसांत ‘उचिआगे करू’ असे म्हणतात आणि त्यात काही चूक नाही, कारण आपणही त्या संध्याकाळचे भागीदार होतो अशी त्यांची भावना असते. मात्र केवळ प्रेक्षक असताना आयोजकांना ‘मी उचिआगेला येऊ का’ असे विचारणे म्हणजे लग्नाला गेलेल्या पाहुण्याने घरच्या मंडळींच्या पंगतीत जाऊन बसण्यासारखे आहे.

दुसरा शब्द ‘आफुताऽ’. इंग्रजीतल्या ‘आफ्टर’चे हे जपानी रूप आहे, आणि बोलीतल्या शब्दांत मला तो सर्वांत रंजक वाटतो. हौशी चित्रकथाकार स्वतः छापलेली पुस्तके जिथे विकतात त्या मेळाव्यांत तो रुळला आहे. या मेळाव्यांतला सर्वांत मोठा ‘कोमिके’, म्हणजे कॉमिक मार्केट. 21 डिसेंबर 1975 रोजी तोक्योत तो पहिल्यांदा भरला तेव्हा 32 गट आणि सुमारे 700 माणसे होती. आज ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये तोक्यो बिग साइट या प्रचंड प्रदर्शन केंद्रात लाखोंची गर्दी होते. तिथे विकणारा आणि विकत घेणारा असा भेद तत्त्वतः मानत नाहीत. सगळेच ‘सांकाशा’, म्हणजे सहभागी. समारोपाची घोषणा झाली की सभागृहभर टाळ्या वाजतात. मग टेबलावरचे कापड घडी केले जाते, उरलेल्या पुस्तकांची खोकी कुरिअरच्या रांगेत लावली जातात आणि हात मोकळे झाल्यावर प्रश्न येतो, ‘आफुताऽ दोऽ सुरु?’ वर्षभर एकमेकांना केवळ टोपणनावाने ओळखणारी माणसे आता एका टेबलाभोवती बसतात, दिवसभरात घेतलेली पुस्तके पिशवीतून बाहेर काढून एकमेकांना दाखवतात. चाहत्यांच्या जगात ‘आफुताऽ’ म्हणजे हेच.

परंतु याच शब्दाला दुसरे जग आहे आणि ते माहीत असलेच पाहिजे. रात्रीच्या क्लबांत ग्राहकांशी गप्पा मारण्याचे काम करणाऱ्या स्त्रिया किंवा पुरुष दुकान बंद झाल्यावर ग्राहकाबरोबर बाहेर जातात, त्यालाही ‘आफुताऽ’च म्हणतात. मी जपानात नवा असताना एका औद्योगिक प्रदर्शनाचे काम आटोपल्यावर, चाहत्यांच्या मेळाव्यात उचललेला हा शब्द एका ज्येष्ठ सहकारी बाईंपुढे वापरला आणि ‘आफुताऽला येणार का’ असे विचारले. त्या क्षणभर थांबल्या, हातातल्या माहितीपत्रकांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर सरळ केला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘उचिआगे देसु ने. इकिमासु.’ उचिआगे म्हणायचे आहे ना, येते. माझी चूक त्यांनी चारचौघांत उघडी न पाडता दुरुस्त केली, आणि त्या एका वाक्याने मला पाठ्यपुस्तकाच्या कित्येक पानांपेक्षा जास्त शिकवले. तेव्हापासून माझा नियम साधा आहे : कार्यालयात ‘उचिआगे’, छंदाच्या वर्तुळात ‘आफुताऽ’, आणि शंका असेल तर दोन्ही टाळून ‘कोनो आतो’, म्हणजे ‘यानंतर’.

‘ओफुकाई’ हा शब्द अनेक जण ‘आफुताऽ’शी जोडतात, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. दूरध्वनीच्या तारेने संगणक जोडून गप्पा मारण्याच्या काळात, 1980च्या दशकात, पडद्यावर भेटणाऱ्यांनी प्रत्यक्ष भेटण्याला हे नाव पडले. ‘ओफु’ हे ‘ऑफलाइन’चे लघुरूप. म्हणजे ओफुकाई हाच मुळात कार्यक्रम आहे, आणि तो संपल्यावर पुन्हा कुठे बसलात तर ती त्याची ‘निजिकाई’.

चाहत्यांत अलीकडे ‘कान्सोऽसेन’ हा शब्दही कानावर पडतो. तो शोऽगी या जपानी बुद्धिबळातून आला आहे. डाव संपल्यावर दोन्ही खेळाडू त्याच पटावर मागच्या खेळ्या पुन्हा मांडून कोणती चुकली, कोणती साधली याची चर्चा करतात, ती कान्सोऽसेन. मैफल किंवा सामना पाहून आल्यावर त्याचा क्षण न् क्षण उलगडत बसणाऱ्यांनी हा शब्द घेतला, आणि तो इतका चपखल बसला आहे की मराठीतही यासाठी एखादा शब्द असावा असे वाटते. ‘हान्सेइकाई’ म्हणजे आत्मपरीक्षणाची सभा. नाव गंभीर असले तरी कामानंतर पेले घेऊन बसण्यालाही ते सर्रास लावतात, त्यामुळे वही-पेन घेऊन जाण्यापूर्वी जागा कोणती ठरली आहे ते विचारावे. शाळा-महाविद्यालयांच्या महोत्सवाचा शेवट ‘कोऽयासाई’ने, म्हणजे समारोपाच्या रात्रीच्या सोहळ्याने, होतो. ती महोत्सवाच्या आयोजनाचाच भाग असते. रग्बीच्या सामन्यानंतर दोन्ही संघ एकत्र जेवतात, त्याला इंग्रजीवरूनच घेतलेले ‘आफुताऽ माच्चि फान्कुशोन्’ असे लांबलचक नाव आहे.

या सगळ्यांहून जुनी परंपरा शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवळांतली आहे. विधी झाल्यावर देवाला वाहिलेली साके, म्हणजे तांदळाची दारू, आणि अन्न सर्वांनी मिळून सेवन करायचे, त्याला ‘नाओराई’ म्हणतात. मराठी वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही. आरती झाल्यावर प्रसादासाठी थांबण्याची सवय आपल्याला आहेच. कोणी नाओराईला बोलावले तर ती विधीचा भाग आहे हे जाणून जावे.

दुसरी पायरी : विचारायचे कसे

जपानीत आमंत्रण जितके हलके, तितके ते सभ्य. ‘जेवायला चला’ असे थेट न म्हणता ‘गोहान देमो दोऽ देसु का’ असे म्हणतात. यातल्या ‘देमो’कडे लक्ष द्यावे. ‘जेवण किंवा तसेच काहीतरी’ असा त्याचा भाव आहे. आपण ‘चहाबिहा घेऊ या का’ म्हणतो तेव्हा ‘बिहा’ जे काम करतो, तेच काम ‘ओचा देमो’मधला ‘देमो’ करतो. चहाच प्यायला पाहिजे असे नाही, बसण्याशी मतलब. वाक्याच्या आरंभी ‘योकात्तारा’, म्हणजे ‘जमत असेल तर’, हा शब्द घातला की समोरच्याला नाही म्हणायची वाट मोकळी राहते. ‘कोनो आतो आइतेमासु का’ या वाक्याने वेळ आहे का ते विचारता येते, आणि ‘कारुकु इप्पाइ’, म्हणजे ‘थोडेसे, एकच पेला’, असे म्हटल्याने लवकर सोडण्याची हमी मिळते. दुसऱ्यांच्या गटात आपल्याला सामील व्हायचे असेल तर ‘गोइश्शो शिते मो इइ देसु का’ असे विचारावे.

तिसरी पायरी : होकार आणि नकार ओळखा

होकार सोपा आहे. ‘इकिमासु’ म्हणजे येतो, ‘झेहि’ म्हणजे अवश्य. नकार मात्र क्वचितच नकारासारखा दिसतो. ‘क्योऽ वा चोत्तो…’ असे म्हणून वाक्य अर्धवट सोडले की ते पूर्ण झाले असे समजावे. ‘आज जरा…’ एवढ्यावर थांबलेल्या माणसाला ‘जरा काय?’ असे विचारू नये. ‘इकेतारा इकु’, म्हणजे ‘जमले तर येतो’, हे आपल्या ‘बघतो, जमवतो’चे सख्खे भावंड आहे. विशेषतः ओसाकाकडे त्याचा अर्थ ‘येत नाही’ असाच धरतात, त्यामुळे त्या भरवशावर खुर्ची राखून ठेवू नये. स्वतः नकार देताना शेवटी ‘माता सासोत्ते कुदासाइ’, म्हणजे ‘पुन्हा अवश्य बोलवा’, हे जोडावे. ते जोडले नाही तर पुढच्या वेळी बोलावणे येईलच असे नाही.

एकदा होकार दिल्यावर ऐन वेळी न येण्याला ‘दोताक्यान’ म्हणतात. ‘दोतान्बा’ म्हणजे शेवटचा क्षण, त्याला ‘कॅन्सल’चे ‘क्यान’ जोडले आहे. आयोजकाने माणशी ताट ठरवलेले असते, आणि तुमचे पैसे त्याच्या किंवा इतरांच्या माथी पडतात. शब्द विनोदी वाटला तरी दोष गंभीर मानला जातो.

चौथी पायरी : टेबलावरची भाषा

बहुतेक वेळा जागा ‘इझाकाया’ असते, म्हणजे पेय आणि लहान लहान पदार्थ मिळणारे जेवणघर. बसल्याबरोबर कोणीतरी ‘तोरिआएझु नामा’ म्हणते : तूर्तास सर्वांना बीअर. दारू न पिणाऱ्याने याच क्षणी ‘ओरेवा ऊऽरोन्चा दे’ किंवा अधिक विनयाने ‘वाताशि वा ऊऽरोन्चा दे’, म्हणजे ‘मला ऊलाँग चहा’, असे सांगून टाकावे. त्या चहाला कोणी नावे ठेवत नाही. दारू न सोसणाऱ्याला ‘गेको’ असा जुना शब्द आहे, आणि ‘गेको नान्देसु’ एवढे सांगितले की आग्रह सहसा थांबतो. जपानात प्रौढत्वाचे वय एप्रिल 2022पासून 18 झाले असले तरी मद्यपानाचे वय 20च राहिले आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. सर्वांच्या हाती पेले येऊन ‘ओत्सुकारेसामा देश्ता’ आणि ‘काम्पाइ’, म्हणजे ‘चीअर्स’, होईपर्यंत घोटही घ्यायचा नसतो. ‘ओत्सुकारेसामा’ म्हणजे ‘दमलात, श्रम झाले’. श्रमांची दखल घेणारे हे वाक्य या बैठकीचे खरे कारण सांगते.

न मागता एक छोटी वाटी समोर येते, ती ‘ओतोऽशि’. ओसाकाकडे तिला ‘त्सुकिदाशि’ म्हणतात. ती फुकट नसते. बिलात माणशी काही शे येन तिचे धरलेले असतात आणि जागेचे भाडे म्हणून ते निमूटपणे द्यायचे असतात.

शाकाहारी मराठी माणसाला हा भाग सर्वांत जड जातो, म्हणून थोडे थांबून सांगतो. ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण ‘दाशि’ हा रस्सा बहुधा माशाचा असतो, आणि थंड टोफूवरही ‘कात्सुओबुशि’, म्हणजे वाळवलेल्या माशाचे पातळ किसाचे पापुद्रे, भुरभुरलेले येतात. ‘कात्सुओबुशि नुकि दे ओनेगाइ शिमासु’, म्हणजे ‘ते वगळून द्या’, हे वाक्य पाठ करावे. उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, म्हणजे ‘एदामामे’, जवळपास सगळीकडे मिळतात. शक्य असल्यास आदल्या दिवशीच आयोजकाला कळवावे. तोच सर्वांत चांगला उपाय आहे, कारण त्या क्षणी टेबलावर चर्चा घडवून आणणे कोणालाच आवडत नाही.

साहेबांनी ‘आज बुरेइकोऽ’ असे जाहीर केले, म्हणजे आज मानमरातब बाजूला, तर मोकळे व्हावे, पण आदरार्थी क्रियापदे सोडू नयेत. माझे मत असे की ही सवलत हसण्याबोलण्यापुरती असते, साहेबांचे दोष सांगण्यासाठी नसते.

पाचवी पायरी : बैठक मोडते कशी

‘नोमिहोऽदाइ’, म्हणजे ठरावीक पैशांत हवे तितके पिण्याची सोय, सहसा दीड ते दोन तासांची असते. शेवटच्या मागणीची वेळ झाली की कोणीतरी ज्येष्ठ उभा राहतो आणि ‘नाकाजिमे’ करतो. ‘मधला समारोप’ असा त्याचा अर्थ आहे. कोणी थांबले तरी चालेल, पण जाणाऱ्याने आता संकोच न करता जावे, अशी ती सोय. या वेळी ‘इप्पोन्जिमे’ होतो. सगळे उभे राहतात, हात छातीसमोर धरतात, पुढारी ‘इयोऽऽ’ अशी लांब साद घालतो आणि सर्वांच्या टाळ्या एका ठोक्यात पडतात : तीन, तीन, तीन आणि शेवटी एक. तीन त्रिक नऊ. नऊ या आकड्याच्या चिनी अक्षराला एक ठिपका जोडला की ‘मारु’, म्हणजे वर्तुळ, हे अक्षर तयार होते, म्हणून शेवटच्या टाळीने काम पूर्ण झाले असे सांगतात. काही ठिकाणी एकच टाळी वाजवतात, त्यामुळे पहिल्या वेळी शेजाऱ्याच्या हातांकडे पाहावे. ओसाकाची पद्धत आणि तिथली आरोळी पूर्ण वेगळी आहे.

मग जाहीर होते, ‘ओहिराकि’. या शब्दाचा अर्थ ‘उघडणे’, आणि वापर मात्र ‘संपले’ या अर्थाने. लग्नासारख्या शुभ प्रसंगी ‘संपणे’, ‘तोडणे’, ‘परतणे’ असे शब्द जपानी माणूस तोंडातून काढत नाही, त्याऐवजी उलटा, भरभराटीचा शब्द घेतो. आपल्याकडे दिवा विझवत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात. ज्याच्या कानांवर हे संस्कार आहेत त्याला ‘ओहिराकि’ पुन्हा पाठ करावा लागत नाही.

सहावी पायरी : पैसे

आयोजकाला ‘कान्जि’ म्हणतात. ठरलेली वर्गणी ‘काइहि’, आणि बिल समान वाटून घेण्याला ‘वारिकान’. चाहत्यांच्या ‘आफुताऽ’त वारिकानच असते. कार्यालयीन उचिआगेत ज्येष्ठ जास्त देतात, कधी कधी सगळे बिल तेच देतात. सुट्टे पैसे जवळ ठेवावेत, कारण हजार येनच्या नोटा हातोहात देऊन कान्जिला मोकळे करणारा पाहुणा सर्वांना हवासा असतो. दुसऱ्याने पैसे दिले असतील तर बाहेर पडताना ‘गोचिसोऽसामा देश्ता’, म्हणजे ‘मेजवानीबद्दल आभार’, म्हणावे.

सातवी पायरी : पुढे जायचे की घरी

रस्त्यावर आल्यावर घोळका पुन्हा घुटमळतो, आणि इथे ‘निजिकाई’ हा शब्द येतो. ‘नि’ म्हणजे दोन, ‘जि’ म्हणजे खेप, ‘काई’ म्हणजे सभा : दुसऱ्या खेपेची बैठक, बहुधा कराओकेची. त्यानंतर ‘सान्जिकाई’, तिसरी. दुकानामागून दुकान पालथे घालण्याला ‘हाशिगो’, म्हणजे शिडी, म्हणतात, जणू एकेक पायरी चढत जावे. लग्नातली निजिकाई मात्र निराळी असते. मुख्य भोजनाला न बोलावलेल्या मित्रांसाठी ती वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वर्गणीने भरते, आणि तिचे निमंत्रण आधीच येते.

पहिली बैठक हे कर्तव्य मानले जात असले तरी निजिकाई ऐच्छिक आहे. निघायचे असेल तर याच क्षणी निघावे. ‘ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु’, म्हणजे ‘आधी निघतो, माफ करा’, एवढे पुरते. मधून निघून जाण्याला तरुण ‘रिदात्सु’ म्हणतात, मागाहून येऊन मिळण्याला ‘गोऽर्यू’. सर्वमान्य कारण म्हणजे ‘शूदेन’, शेवटची गाडी. तोक्यो परिसरातल्या अनेक मार्गांवर मार्च 2021पासून ती सुमारे अर्धा तास अलीकडे आली आहे, म्हणून जुन्या सवयीवर न जाता फोनवर वेळ पाहावी. ती चुकली तर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत जागणे, म्हणजे ‘ओऽरु’, एवढाच स्वस्त मार्ग उरतो. रात्रीच्या शेवटी खायच्या पदार्थाला ‘शिमे’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी रामेन, तर साप्पोरोत आइस्क्रीम-फळांचा पार्फे.

छायाचित्रांबाबत एक सूचना. छंदाच्या वर्तुळातली अनेक माणसे खरे नाव आणि कार्यालय लपवून आलेली असतात. खरी ओळख उघड होण्याला ‘मिबारे’ म्हणतात आणि तिची धास्ती खरी असते. चेहरा असलेले छायाचित्र विचारल्याशिवाय कुठेही टाकू नये. म्हणूनच टेबलावर चेहऱ्यांऐवजी पेले आणि हात यांचीच छायाचित्रे घेतली जाताना दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक काम उरते. ज्यांनी पैसे दिले त्यांना भेटताच, इतर कोणतेही बोलणे काढण्यापूर्वी, ‘किनोऽ वा गोचिसोऽसामा देश्ता’ म्हणावे. बाकीच्यांना ‘किनोऽ वा ओत्सुकारेसामा देश्ता. तानोशिकात्ता देसु’, म्हणजे ‘काल सर्वांचेच श्रम झाले, मजा आली’, असा दोन ओळींचा संदेश दुपारच्या आत पाठवावा.